आधी फाईल, मग मशीन

सबमिशनचा आठवडा आणि कॉम्प्युटर यांचं काहीतरी जुनं वैर असावं. सेमिस्टरभर गुमान चालणारा लॅपटॉप नेमका आदल्या रात्री रुसतो. स्क्रीन निळी पडते, पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होतात, नाहीतर वर्ड उघडायलाच पाच मिनिटं लागतात. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू. हॉस्टेलवर असाल तर शेजारच्या रूममधून, घरी असाल तर मामेभावाच्या फोनवरून, पण सल्ला एकच: "व्हायरस असणार रे, फॉरमॅट मारून टाक!"

थांबा. कॉम्प्युटर बिघडला म्हणजे त्यातलं सगळं गेलं असं नसतं. बऱ्याचदा फाईल जागच्या जागी असते, फक्त आपल्याला दिसत नाही किंवा तिथपर्यंत पोचता येत नाही. ती खरोखर जाते, ते पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईने जे काही केलं जातं त्यामुळे. म्हणून एक क्रम पक्का करून ठेवा. आधी फाईल वाचवायची, मग मशीन दुरुस्त करायचं.

झेरॉक्सच्या दुकानातली पाहुणी

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे दिवसभरात किती पेनड्राइव्ह त्या एकाच कॉम्प्युटरला लागतात, कधी मोजलंय? तिथून घरी येणारी नेहमीची पाहुणी म्हणजे 'शॉर्टकट व्हायरस'. पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, तीच खूण. खरे फोल्डर व्हायरसने फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडल्यासारखं वाटतं, पण त्याच क्लिकने व्हायरस तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरतो.

तेव्हा क्लिक करू नका आणि लगेच फॉरमॅटही करू नका. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' सुरू करा. तरीही काही दिसलं नाही तर 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची टिक काढा. फिकट रंगातले तुमचे फोल्डर दिसू लागतील. कधी कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये टाकलेला असतो. 'विंडोज सिक्युरिटी'मधून पेनड्राइव्ह स्कॅन करा, त्यातल्या फक्त ओळखीच्या फाईल्स, म्हणजे डॉक्युमेंट, पीडीएफ, फोटो, कॉपी करून घ्या. फॉरमॅट त्यानंतर. आणि ती काढलेली टिक परत लावायला विसरू नका.

प्रिंट काढायला जाताना शक्यतो पेनड्राइव्ह नेऊच नका. दुकानदाराच्या मेलवर आपल्या फोनवरून पीडीएफ पाठवा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप किंवा जीमेल उघडणं मात्र टाळा. प्रिंटच्या गडबडीत लॉगआउट राहून जातं, आणि मागून येणाऱ्याला तुमचं अकाउंट उघडंच मिळतं.

स्लो म्हणजे व्हायरसच?

नाही. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे रकाने असतात. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. बऱ्याचदा तो ब्राउझर निघतो, तीस टॅब उघडे असलेला. तिथेच 'स्टार्टअप ॲप्स' आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठून बसणारी मंडळी तिथे दिसतात. त्यातली नको ती बंद करा, काही डिलीट होत नाही.

मग सी ड्राइव्ह बघा. तो काठोकाठ भरला असेल तर अपडेटलाही जागा उरत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल तर खालची हवेची जाळी बंद होते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. अशा वेळी अँटिव्हायरस काय करणार? लॅपटॉप टेबलावर ठेवा, एवढंच.

एका आवाजाकडे मात्र लक्ष ठेवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टक-टक ऐकू आलं तर स्कॅन, रीस्टार्ट, पुन्हा स्कॅन असं करत बसू नका. कॉम्प्युटर बंद करा. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर ती जितका वेळ फिरेल तितकी फाईल परत मिळण्याची शक्यता कमी होते.

फाईल चुकून डिलीट झाली असेल तर रिसायकल बिन बघा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं तिथे जात नाही, हे लक्षात असू द्या. वर्ड सेव्ह न करताच बंद झालं असेल तर 'फाईल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' या वाटेने 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' सापडतं. तिथेही नसेल तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा नाही, कारण ते नेमकं तुमच्या हरवलेल्या फाईलच्या जागेवरच बसू शकतं.

निळ्या स्क्रीनची भीती

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभरातली विमानतळं, बँका, ऑफिसं एकाच दिवशी निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना फटका बसला. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने हा घोळ घातला होता. म्हणजे निळी स्क्रीन दिसली की व्हायरसच, हे समीकरण खरं नाही.

स्क्रीनवरच्या कोडचा फोनने फोटो काढा. कालपासून काय बदललं, ते आठवा. नवा प्रिंटर जोडला? ड्रायव्हर टाकला? रॅम वाढवली? विंडोज उघडत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, तिथून 'सेफ मोड'मध्ये जाता येतं. त्यात विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालतं, म्हणून नव्याने टाकलेली कटकट काढता येते.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक निळा पडदा दिसू शकतो, ४८ आकडी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागणारा. हा पाहिला की भलेभले गडबडतात. तुमची डिस्क कुलूपबंद असते आणि ही तिची किल्ली. विंडोज सुरू करताना तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं असेल तर ती साधारणपणे त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून बघता येते. किल्ली नसेल तर डेटा कुणीच उघडू शकत नाही, आणि फॉरमॅट केलं तर तो कायमचा जातो. म्हणून लॅपटॉप ठणठणीत असतानाच ती वहीत लिहून ठेवा.

न बोलावता आलेली मदत

अडचणीत सापडलेल्याला मदत हवी असते, आणि चोर नेमका तिथेच उभा असतो. ब्राउझर फुल स्क्रीन होतो, भोंगा वाजतो आणि मजकूर येतो, 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय, या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, विषय संपला. फोन लावला तर पलीकडचा गोड आवाजात ॲनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो. ॲप मुळात चांगलंच आहे, पण त्यातून तुमची स्क्रीन आणि माउस दुसऱ्याच्या हातात जातो. याच ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं.

अलीकडची युक्ती आणखी साळसूद आहे. 'मी रोबो नाही' असं सिद्ध करायला एखादी साइट सांगते, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. म्हणजे तिने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कुठलाही खरा कॅप्चा असं सांगत नाही.

आणि क्रॅक. 'फोटोशॉप फुकट, फक्त अँटिव्हायरस बंद करा' हे वाक्य वाचल्यावरच शंका यायला हवी. घराचा कडी-कोयंडा काढून ठेवा, असं सांगणाऱ्याला आपण आत घेतो का? अशा फाईल्समधून ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन चोरणारे प्रोग्राम येतात. संशय आला तर लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मग *फोनवरून* ई-मेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, टू-स्टेप सुरू करा. त्याच लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकलात तर तोही चोराच्या हाती पडेल. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं.

दुकानात देताना

सगळं करूनही मशीन उघडलं नाही तर दुरुस्तीवाला आहेच, आणि त्याला कमी लेखू नका. पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचं काम करायचे. तिथे येणाऱ्या कॉम्प्युटरमधले व्हायरस काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले, आणि त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली. चांगला कारागीर आधी दुखणं शोधतो. तुम्हीही लॅपटॉप देताना एक वाक्य ठामपणे सांगा, आणि पावतीवर लिहून घ्या: 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' जीमेलचा पासवर्ड मात्र कुणालाच देऊ नका.

अपडेटचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक तारीख. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांत लाखो कॉम्प्युटरच्या फाईल्स कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागितले. त्या वेळी चालू असलेल्या विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. 'रिमाइंड मी लेटर' दाबणारे अडकले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन विंडोज ११ झेपत नसेल इतकं जुनं असेल तर फेकू नका, लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून बघा. पण त्याआधीही फाईल्स बाहेर काढून घ्या.

आज रात्रीपुरतं काम दहा मिनिटांचं आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरची एक कॉपी ड्राइव्हवर टाका, एक वेगळ्या पेनड्राइव्हवर. कॉपी झाली की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा, कारण लॅपटॉपला लावून ठेवलेला बॅकअप लॅपटॉपबरोबरच बुडतो. आणि दोन्हीकडची एकेक फाईल उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.