वनस्पतिप्लवक कार्बनचे अनुमान

वनस्पतिप्लवक कार्बन म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या व प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पेशींत असलेला कार्बन होय. पृथ्वीवरील प्राथमिक उत्पादनापैकी जवळपास निम्मे उत्पादन सागरी वनस्पतिप्लवकांकडून होते. त्यामुळे सागरी अन्नजाळे व कार्बनचक्र यांच्या अभ्यासात ही राशी मूलभूत मानली जाते. पोषकद्रव्ये अल्प असलेल्या, म्हणजेच अल्पपोषी जलक्षेत्रांत तिचे मापन विशेष अवघड ठरते.

अल्पपोषी जलक्षेत्रे

उपोष्ण कटिबंधातील महासागरांच्या मध्यभागी पृष्ठजलात नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्प असतात. तेथे हरितद्रव्याचे प्रमाण सहसा दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमहून कमी असते. प्रोक्लोरोकॉकस हा सुमारे ०.६ मायक्रोमीटर व्यासाचा सायनोबॅक्टेरिया येथे संख्येने सर्वाधिक आढळतो. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध १९८८ मध्ये प्रसिद्ध केला.

हरितद्रव्यावरून अनुमान

हरितद्रव्य मोजणे सोपे असल्याने त्याला ठरावीक गुणकाने गुणून कार्बन काढण्याची पद्धत रूढ झाली. मात्र हे गुणोत्तर स्थिर नसते. मंद प्रकाशात पेशी अधिक हरितद्रव्य तयार करतात, तर प्रखर प्रकाशात किंवा पोषकद्रव्यांच्या टंचाईत ते कमी करतात. हवाई बेटांच्या उत्तरेस असलेल्या ‘अलोहा’ या निरीक्षण स्थानकावर १९८८ पासून नियमित नोंदी घेतल्या जातात. तेथे साधारण १०० ते १२५ मीटर खोलीवर हरितद्रव्य सर्वाधिक असते. कार्बन मात्र त्या प्रमाणात वाढलेला नसतो.

नमुन्यांवरून मापन

पाणी गाळून गाळणीवरील सेंद्रिय कार्बन मोजता येतो. पण त्यात जीवाणू, सूक्ष्म प्राणी व मृत अवशेषही येतात. विरळ पाण्यात गाळणीने शोषलेल्या विद्राव्य कार्बनमुळेही लक्षणीय त्रुटी येते.

दुसऱ्या पद्धतीत प्रवाह-पेशीमापक यंत्राने पेशी मोजून त्या संख्येला प्रतिपेशी कार्बनने गुणतात. उदाहरणार्थ, दर मिलिलिटरला १ लाख पेशी आणि प्रत्येक पेशीत ५० फेम्टोग्रॅम कार्बन मानल्यास (१ फेम्टोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा अब्जावा भाग) दर लिटरला ५ मायक्रोग्रॅम कार्बन मिळतो. प्रतिपेशी ३० फेम्टोग्रॅम मानल्यास तोच आकडा ३ मायक्रोग्रॅम होतो. ही अनिश्चितता टाळण्यासाठी जेसन ग्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यंत्राने वेगळ्या केलेल्या पेशींतील कार्बन थेट मोजण्याची पद्धत मांडली.

उपग्रहीय अनुमान

मायकेल बेहरेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पाण्यातील कणांकडून मागे विखुरल्या जाणाऱ्या प्रकाशावरून कार्बनचे अनुमान काढले. यात वनस्पतिप्लवकांव्यतिरिक्त इतर कणांचा वाटा वजा करावा लागतो. निर्मळ पाण्यात मूळ संकेतच क्षीण असल्याने या वजाबाकीतील लहान चूकही मोठी ठरते.

महत्त्व

समुद्राचे पृष्ठजल तापले की वरचा मिश्र थर अनेकदा उथळ होतो, पेशींना अधिक प्रकाश मिळतो आणि त्यांतील हरितद्रव्य घटते. उपग्रहाला असे पाणी अधिक निळे दिसते. बेहरेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार, उष्ण व स्तरित महासागरांत दिसणाऱ्या हरितद्रव्यातील बदलांचा मोठा भाग अशा प्रकाशानुकूलनामुळे असतो. म्हणून हरितद्रव्य घटले एवढ्यावरून वनस्पतिप्लवक घटले, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी कार्बनचे स्वतंत्र मापन आवश्यक असते.