‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्यापूर्वी : जुन्या पिकअपमधील बिघाडांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांची मालवाहतूक मोठ्या प्रमाणात पिकअप गाड्यांवर चालते. भूमकडचा खवा, कळंब-वाशीकडचे सोयाबीन आणि बाजाराच्या दिवशी नेल्या-आणल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळ्या यांची ने-आण महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा २००५ साली बाजारात आलेली आणि ‘छोटा हत्ती’ या नावानेच अधिक ओळखली जाणारी टाटा एस यांसारख्या गाड्या करतात. या गाड्यांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये गिअर हातानेच बदलावा लागतो. स्वयंचलित गिअरबॉक्स भारतातील पिकअप गाड्यांत उशिरा आणि महागड्या गाड्यांपुरताच आला, त्यामुळे या जिल्ह्यात ‘गिअरबॉक्स गेला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा हाताने चालवायच्या गिअरबॉक्सविषयीच बोलले जात असते. या वाक्याची अडचण अशी की ते तक्रार म्हणून उच्चारले जाते आणि निदान म्हणून ऐकले जाते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोहोचते ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल अशा चार टप्प्यांतून. यांपैकी कोणत्याही टप्प्यातला दोष चालकाला गिअरच्या दांड्यापाशीच जाणवतो आणि म्हणून दोषाचे खापर गिअरबॉक्सवर फुटते.

पहिला आणि सर्वांत खर्चिक गैरसमज असा की गिअर टाकताना ‘खर्र’ असा आवाज आला म्हणजे आतले दाते झिजले. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा व सोडवणारा भाग. पायाखालचे पेडल पूर्ण दाबल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटली पाहिजे, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारा इनपुट शाफ्ट काही क्षणांत थांबतो. प्लेट पूर्ण सुटली नाही, तर इंजिन त्या शाफ्टला फिरवतच राहते आणि फिरणाऱ्या दात्यांवर थांबलेले दाते बसवण्याचा प्रयत्न केल्यासारखे होते. हे ओळखण्याची रीत साधी आहे : सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, इंजिन बंद असताना सर्व गिअर टाकून पाहावेत आणि मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून तेच पुन्हा करावे. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, असे दिसले तर संशयाचा पहिला मानकरी क्लच ठरतो. जिथे क्लच तेलाच्या दाबाने चालतो तिथे मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरमधली गळती किंवा नळीत शिरलेली हवा, आणि जिथे तो केबलने चालतो तिथे केबलचे बिघडलेले सेटिंग, ही कारणे गिअरबॉक्स उतरवण्याआधी तपासण्याजोगी असतात. याउलट इंजिन बंद असतानाही दांडा जड जात असेल, तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत किंवा गिअर निवडणाऱ्या आतल्या यंत्रणेत शोधावा लागतो.

रिव्हर्सचा अनुभव या बाबतीत विशेष बोलका असतो. पुढच्या गिअरमध्ये सिंक्रोनायझर नावाची, बहुधा पितळी, कडी असते, जी दाते एकमेकांत शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा वेग घर्षणाने सारखा करते. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला ही कडी नसते. म्हणून क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावर रिव्हर्स शांतपणे पडला, तर क्लच नीट सुटत आहे असे मानता येते, आणि थांबूनही तो खरखरत असेल तर क्लच अडकतो आहे. उभ्या गाडीत सर्व काही सुरळीत असून धावत्या गाडीत केवळ दुसरा गिअरच खरखरत असेल, तर मात्र त्या गिअरची सिंक्रोनायझर कडी झिजली असण्याची शक्यता बळावते आणि गिअरबॉक्स उघडण्याला आधार मिळतो.

दुसरा गैरसमज ‘गिअर घसरतो’ या शब्दप्रयोगातच दडलेला आहे. हाताने चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये दाते दात्यांत अडकलेले असतात आणि अडकलेले दाते घसरू शकत नाहीत. ते एक तर अडकून राहतात, किंवा सुटतात, किंवा तुटतात. त्यामुळे तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी चढत असताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा घसरते ती क्लच प्लेट. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची किंवा चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण असले, तरी नवी प्लेटही थोड्याच काळात घसरू लागली, तर क्रँक शाफ्टच्या मागच्या ऑईल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून प्लेटवर तेल येते का, हे पाहिले पाहिजे. सील तसेच ठेवून प्लेट बदलणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करण्याची तजवीज होय. गिअर सुटणे ही वेगळी तक्रार आहे : त्यात दांडा आपोआप न्यूट्रलला येतो आणि मागे झिजलेले दाते, वाकलेला फोर्क, अशक्त झालेली स्प्रिंग, किंवा तुटलेले माऊंटिंग असू शकते. माऊंटिंग म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स चासीवर धरून ठेवणारी रबरी बैठक. ती तुटली की झटका बसताना सारा जोड हलतो आणि दांड्याला ओढ बसते.

आवाजावरून निदान करताना ‘आवाज कसा आहे’ यापेक्षा ‘तो केव्हा थांबतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्समधील इनपुट शाफ्टच्या किंवा त्याच्यामुळे फिरणाऱ्या काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर तो बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. पाच गिअरच्या आणि मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे शक्ती काउंटर शाफ्टला वळसा न घालता सरळ बाहेर पडते. म्हणून इतर सर्व गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात लक्षणीय कमी होत असेल, तर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट जाते. आवाज गिअर बदलूनही तसाच राहतो आणि केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तेव्हा गिअरबॉक्सला बाजूला ठेवून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंगे तपासावीत. जास्त माल भरता यावा म्हणून मागे एखादा पाटा वाढवण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे गाडीची मागची बाजू उचलली जाऊन प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि थरथर सुरू होते. ही थरथर गिअरबॉक्स कितीही वेळा उघडला तरी जात नाही, हे सांगायला नकोच.

तेलाविषयीचे गैरसमज त्यामानाने थोडक्यात निपटता येतात. गिअरबॉक्सच्या नेहमीच्या ‘नव्वद नंबर’ तेलाच्या जागी अधिक दाट तेल घातल्याने आवाज दबतो हे खरे असले, तरी झीज थांबत नाही, थंडीच्या सकाळी दाट तेलामुळे सिंक्रोनायझर कड्यांचे काम अवघड होते आणि गिअर आणखी जड जातात. गिअर तेलांच्या एपीआय वर्गवारीतील जीएल-५ हा आकडा जीएल-४ पेक्षा मोठा असल्याने ते तेल अधिक चांगले, हीदेखील समजूत चुकीची आहे, कारण जीएल-५ हे प्रामुख्याने डिफरन्शियलच्या दात्यांसाठी असून त्यातील जास्त प्रमाणातील गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने पितळी कड्यांना मानवतीलच असे नाही. कंपनीच्या पुस्तिकेत जो दर्जा दिला आहे तोच पाळावा. तेल काढताना बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मलमासारखा थर दिसणे स्वाभाविक असते. पितळी चमक कड्यांची झीज सांगते आणि हाताला लागणारे तुकडे दिसले, की मात्र गाडी न चालवणेच इष्ट. सीलमधून तेल येत असेल, तर सील बदलण्यापूर्वी गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली गरम हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड, काळ्या मातीच्या चिखलाने बुजले आहे का ते पाहावे, कारण ते बुजल्यास आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

घाट उतरताना न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते, ही समजूत या जिल्ह्यातही मूळ धरून आहे. वस्तुतः गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून चालते, तेव्हा कॉमन रेल पद्धतीचे इंजिन डिझेलचा फवारा बंद करते, तर न्यूट्रलमध्ये त्याला स्वतः चालू राहण्यासाठी डिझेल जाळावे लागते. शिवाय इंजिनाची अटकाव करणारी शक्ती हातची जाऊन भरलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर पडतो.

भारतात इसुझू व्ही-क्रॉसची स्वयंचलित आवृत्ती २०१९ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली, त्यामुळे अशा गाड्या जुन्या होऊन वापरलेल्या बाजारात येऊ लागतील तसे वरचे ज्ञान जसेच्या तसे लागू पडणार नाही. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटची जागा टॉर्क कन्व्हर्टर घेतो, जो तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे देतो, आणि गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या अनेक लहान क्लच-चकत्या करतात. म्हणून तिथे ‘गिअर घसरतो’ हे म्हणणे अक्षरशः खरे असू शकते. तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स बंद पडतो, ही त्याविषयीची जगभर पसरलेली समजूत कारण आणि काळ यांची गल्लत करते : चकत्या झिजून तेल काळे पडल्यावर, जळका वास येऊ लागल्यावर मालक तेल बदलतो, आणि आधीच झिजलेल्या चकत्या पुढे निकामी होतात, तेव्हा दोष नव्या तेलाला दिला जातो. स्कॅनर लावल्यावर दिसणारा पी ०७०० हा कोडही गिअरबॉक्स बदलण्याचा आदेश नव्हे. गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने कुठला तरी दोष नोंदवला आहे, एवढेच तो सांगतो. तो दोष कोणता हे दुसऱ्या कोडवरून वाचावे लागते, आणि त्याचे मूळ एखाद्या सेन्सरमध्ये, सैल वायरीत किंवा उतरलेल्या बॅटरीतही असू शकते. ढकलून सुरू करण्याची युक्ती या गाड्यांना लागू नाही, आणि बंद पडलेली गाडी मागची चाके रस्त्यावर ठेवून दूरवर ओढत नेणे तर घातकच, कारण आतल्या भागांना तेल पुरवणारा पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि इंजिन बंद असताना ते भाग कोरडेच फिरत राहतात. म्हणून मागच्या चाकांना शक्ती देणारी गाडी ती चाके उचलून, आणि चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असल्यास सरळ ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.