कोलेस्टेरॉल आणि गोळीची मात्रा

रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढलें असतां डॉक्टर बहुधा स्टॅटिन वर्गांतील गोळी देतात. तिनें कांहीं जणांचे स्नायु दुखतात व ते ती परस्पर सोडून देतात. हें धोक्याचें आहे. कारण कोलेस्टेरॉलाची वेदना होत नसली तरी रोहिण्या आंतून अरुंद होत जातात.

खत दुप्पट घातल्यानें पीक दुप्पट येत नाहीं, हें आपण जाणतों. गोळीचेंही तसेंच आहे. मात्रा दुप्पट केल्यास अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारें ६ टक्केच अधिक उतरतें. त्रासाचा संभव मात्र वाढतो. यास्तव दुखूं लागल्यास डॉक्टरांकडून मात्रा कमी करून वा गोळी बदलून घ्यावी. वेदना तीव्र होऊन लघवी काळसर झाल्यास तत्काळ दवाखाना गांठावा.

आहाराची जोड अवश्य द्यावी. वनस्पति तूप वर्ज्य करावें. साजूक तूप व नारळाचें तेल यांच्या जागीं करडईचें वा भुईमुगाचें तेल बेतानें वापरावें. जव व कडधान्यें यांतील विद्राव्य तंतु कोलेस्टेरॉल उतरविण्यास साहाय्य करितात. परंतु ज्यास हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यानें केवळ आहाराच्या भरंवशावर गोळी सोडूं नये.