राजपत्राचे जुने अंक आणि ग्रंथालयांची जबाबदारी

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील औद्योगिक वसाहतींसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये जमिनी संपादन झाल्या. त्याच्या सूचना राजपत्रात प्रसिद्ध होतात. त्यामुळे आपल्या जमिनीचा क्रमांक शोधणाऱ्या खातेदारास राजपत्राचे जुने अंक लागतात.

शासकीय प्रकाशने विनामूल्य मिळण्याचा दर्जा ग्रंथालयाने स्वीकारला, की ती नोंदवून, बांधून सर्वांस खुली ठेवण्याची जबाबदारीही येते. संशोधक व नागरिक यांची गरज ओळखून काही ग्रंथालये ती सांभाळतात. मात्र जागा, बांधणी व सेवकवर्ग यांवरील खर्च वाढला आणि नवे अंक संगणकावर मिळू लागले, की दर्जा सोडण्याचा विचार बळावतो.

दर्जा सोडला तरी जुने अंक रद्दीत जाऊ नयेत. यादीसह ते जिल्ह्यातीलच दुसऱ्या ग्रंथालयाकडे सोपविणे हितावह ठरेल.