‘हँडमेड्स टेल’ ही भविष्यवाणी नव्हती. मग मार्गारेट ॲटवूड यांना ते सगळं सुचलं कुठून?

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्या दिवसांत तुमच्याही टाइमलाइनवर लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून, मान खाली घालून उभ्या असलेल्या बायकांचे फोटो आले असतील. सोबत ‘मार्गारेट ॲटवूडने हे १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं’ अशा अर्थाची कॅप्शन.

कॅप्शन अर्धीच खरी आहे. या कॅनेडियन लेखिकेचं पुस्तक १९८५ चंच, पण पुढे काय होणार हे त्यांना आधीच दिसलं होतं असं काही नाही. लिहिताना त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्ष केलेलं नाही, असं काहीही या कादंबरीत येणार नाही. कायदा नाही, शिक्षा नाही, आणि तोवर नसलेलं यंत्रही नाही.

म्हणजे हे पुस्तक भविष्याबद्दल कमी आणि इतिहासाबद्दल जास्त आहे.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

डिस्टोपिया म्हणजे जिथे जगणं नको होईल असा, लेखकाने उभा केलेला समाज. ॲटवूड यांच्या समाजाचं नाव गिलियाड. अमेरिकेत सरकार उलथवून धर्माच्या नावाने हुकूमशाही आली आहे. प्रदूषणामुळे आणि आजारांमुळे मुलं जन्माला येणं दुर्मीळ झालंय. त्यामुळे ज्या बायकांना मूल होऊ शकतं, त्यांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ‘हँडमेड’ म्हणून ठेवलं जातं. काम एकच, त्या घरासाठी मूल जन्माला घालणं.

निवेदिकेचं नाव ऑफ्रेड. म्हणजे ‘फ्रेडची’. मालक बदलला की नावही बदलणार. (लग्नानंतर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावणाऱ्या, काही घरांत तर तांदळात नवं नाव लिहून घेणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.)

भिंतीच्या शेजारी बसून लिहिलेलं पुस्तक

कादंबरीची कल्पना ॲटवूड यांनी बराच काळ टाळली होती. अशा पुस्तकात लेखक उपदेश करू लागतो, पात्रं नुसती प्रतीकं बनतात आणि वाचकाला काही खरं वाटत नाही, ही त्यांची भीती होती. शेवटी १९८४ च्या वसंतात त्या लिहायला बसल्या, पश्चिम बर्लिनमध्ये. आधी पिवळ्या पॅडवर हाताने लिहायचं, मग भाड्याने आणलेल्या, जर्मन कीबोर्डच्या अवजड टाइपरायटरवर टाइप करायचं.

शहराभोवती अजून भिंत होती. दर रविवारी पूर्व जर्मनीच्या विमानांचे ध्वनीचा वेग ओलांडतानाचे स्फोटासारखे आवाज यायचे. त्या काळात त्या पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियातही जाऊन आल्या. तिथे त्यांच्या लक्षात राहिलं ते माणसांचं वागणं. बोलता बोलता एकदम गप्प होणं, विषय बदलणं, सरळ न सांगता आडून सुचवणं. गिलियाडमध्ये दोन हँडमेड बाजाराच्या वाटेवर एकमेकींशी जशा जपून बोलतात, ते तिथून आलंय. माझ्या मते पुस्तकातली खरी भीती याच संवादांत आहे. फाशीच्या दृश्यांत ती तितकी नाही.

कात्रणांची पेटी

नियम पाळायचा तर पुरावा हवा. त्यामुळे ॲटवूड वर्तमानपत्रांतली कात्रणं साठवत गेल्या. टोरंटो विद्यापीठाच्या थॉमस फिशर दुर्मीळ ग्रंथालयात त्यांच्या कागदपत्रांसोबत ती आजही आहेत.

रुमानियाचंच बघा. १९६६ मध्ये चाउशेस्कू सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढला आणि मोजके अपवाद सोडून गर्भपातावर बंदी घातली. गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली, मूल नसलेल्यांवर जादा कर बसला आणि १९८० च्या दशकात तर कामाच्या ठिकाणी बायकांची सक्तीने तपासणी व्हायची, कोणाला दिवस गेलेत हे सरकारला कळावं म्हणून. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कू यांची सत्ता गेली, तेव्हाच हा हुकूम गेला. म्हणजे ॲटवूड कादंबरी लिहीत होत्या, तेव्हा हे सगळं तिथून काही तासांच्या विमान प्रवासावर चालू होतं.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत पकडलेल्या गरोदर बायकांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवलं गेलं. नंतर त्यांना गायब केलं आणि बाळं बऱ्याचदा राजवटीच्या जवळच्या कुटुंबांना दिली. त्या बाळांच्या आज्यांची संघटना आजही आपली नातवंडं शोधते आहे. नाझी जर्मनीत ‘शुद्ध वंशा’ची मुलं वाढवायला लेबेन्सबॉर्न नावाची योजना होती. बायकांना वाचायला बंदी? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. आणि ‘हँडमेड’ ही मूळ कल्पना थेट बायबलमधली. राहेलला मूल होत नाही म्हणून ती आपली दासी नवऱ्याकडे, याकोबाकडे पाठवते.

अमेरिकाच का?

हुकूमशाहीची गोष्ट रशियात किंवा जर्मनीत घडवणं सोपं होतं. ॲटवूड यांनी ती मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये घडवली, म्हणजे हार्वर्डच्या दारात. कादंबरीत मारलेल्या माणसांची प्रेतं जिथे टांगली जातात, ती भिंत याच परिसरातली.

१९६० च्या दशकात त्या तिथे शिकत होत्या आणि पेरी मिलर या प्राध्यापकांकडे अमेरिकेतल्या सुरुवातीच्या प्युरिटन वसाहतींचा अभ्यास करत होत्या. धर्मग्रंथावर चालणारं राज्य अमेरिकेच्या पायातच आहे, हे त्यांना तिथे दिसलं. पुस्तक दोघांना अर्पण केलंय, एक मिलर आणि दुसरी मेरी वेबस्टर. १६८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये मेरीवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. कोर्टाने सोडून दिलं, पण गावाने ऐकलं नाही. लोकांनी तिला फासावर लटकावलं, आणि ती मेली नाही! पुढे कित्येक वर्षं जगली. ॲटवूड यांची आजी कधी म्हणायची की मेरी आपली पूर्वज, कधी म्हणायची की नाही.

लाल रंग आणि एक डबा

हँडमेडची चेहरा झाकणारी पांढरी टोपी आली भांडी घासायच्या पावडरच्या डब्यावरून. ‘ओल्ड डच क्लेन्झर’च्या डब्यावर तोंड न दिसणारी एक बाई असायची आणि लहानपणी ॲटवूड यांना तिची भीती वाटायची. लाल रंग बाळंतपणाच्या रक्ताचा. शिवाय त्या व्यवहारी कारणही सांगतात. लाल कपड्यातला माणूस पळाला तर लांबून दिसतो, म्हणून दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या युद्धकैद्यांना लाल रंग दिला जायचा.

मार्च २०१७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात काही बायका याच वेशात जाऊन बसल्या. नंतर तो वेश अर्जेंटिना, आयर्लंडपर्यंत पोचला. बोलायची परवानगी नसलेल्या ठिकाणीही नुसतं बसून निषेध करता येतो, हे त्यामागचं डोकं.

मग या नियमावर कोणाचा आक्षेप नाही?

आहे. १९८६ मध्ये अमेरिकन लेखिका मेरी मॅकार्थी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पुस्तकाची चांगलीच हजेरी घेतली. त्यांना हा धोका ओळखीचा वाटला नाही. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मालकाचं नाव लागणं, वाचायची बंदी, पोटची मुलं काढून घेणं हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेकडो वर्षं सोसलं. कादंबरीत मात्र कृष्णवर्णीयांना एका बातमीत दूर पाठवून दिलं जातं आणि तेच भोग गोऱ्या निवेदिकेच्या वाट्याला येतात. ‘हे आधी घडलंय’ असं म्हणताना कोणासोबत घडलं, हे मागे पडतं.

पुस्तकाचा शेवटचा भाग अनेक जण सोडून देतात. तो आहे २१९५ सालातल्या एका परिषदेतलं भाषण. गिलियाड कधीच संपलंय, ऑफ्रेडने कॅसेटवर सांगितलेली कहाणी सापडलीय आणि एक प्राध्यापक विनोद करत तिच्यावर बोलतोय. ही युक्ती ॲटवूड यांनी ऑर्वेलच्या ‘१९८४’ वरून घेतली. तिथे शेवटी जोडलेलं परिशिष्ट भूतकाळात लिहिलंय, म्हणजे ती राजवटही संपली असणार, असा त्यांचा तर्क. या परिषदेतला प्राध्यापक तो अधिकारी फ्रेड नेमका कोण असावा, यावर बराच वेळ घालवतो. त्या बाईचं खरं नाव मात्र त्याला सापडत नाही.