उजनीच्या पाण्यावर हॉवरक्राफ्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या फुगवट्यात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यानं उलटली. एक जण पोहून काठाला लागला. लहान मुलांसह सहा जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर होडीला पर्याय शोधण्याची चर्चा होते आणि त्यात एक नाव हमखास येतं: हॉवरक्राफ्ट. ‘पाण्याला न टेकता जाणारी बोट, तिला काय लाटा आणि काय वारा!’ असा तिच्याबद्दलचा समज आहे.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयानं इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांमध्ये पाण्याचा मोठा पट्टा आणला. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर डिकसळच्या किंवा टेंभुर्णीकडच्या पुलावरून लांबचा वळसा पडतो. म्हणून होडी. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर पाण्यापेक्षा गाळच जास्त उरतो. इथं हवेच्या गादीवरचं यान कितपत उपयोगी पडेल, हे ठरवायचं तर त्याच्याविषयीचे समज आधी तपासायला हवेत.

गैरसमज: हॉवरक्राफ्ट म्हणजे कमी उंचीवरून उडणारं विमान.

वस्तुस्थिती: विमानाला पंख उचलतात आणि त्यासाठी आधी वेग लागतो. हॉवरक्राफ्ट जागच्या जागी उभं असतानाही उचललेलंच असतं. पंखा यानाच्या पोटाखाली हवा कोंबतो, कडेनं लावलेली रबरी कापडाची झालर ती हवा अडवून धरते आणि कोंडलेल्या हवेचा दाब यानाचं वजन पेलतो. या झालरीला स्कर्ट म्हणतात. याचा घरगुती नमुना स्वयंपाकघरात सापडतो. गरम पाण्यानं विसळलेला पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवला की कधीकधी तो आपोआप सरकू लागतो. आत कोंडलेली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित उचलते आणि घर्षण जवळजवळ संपतं. हॉवरक्राफ्टमध्ये हे काम पंखा अखंड करत राहतो. हवेचा पुरवठा थांबला की यान खाली बसलं.

गैरसमज: यान उचलायचं म्हणजे खाली हवेचा प्रचंड जोराचा झोत मारावा लागतो.

वस्तुस्थिती: लागणारा दाब आश्चर्य वाटावं इतका कमी असतो. समजा यान ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आहे आणि माणसांसकट त्याचं वजन १,००० किलो आहे. हे वजन साडेबारा चौरस मीटरवर विभागलं की दर चौरस मीटरला ८० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला फक्त ८ ग्रॅम भार येतो. ६० किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर त्याच्या तळव्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास भार असतो. ज्या गाळात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, त्यावरून एक टनाचं यान जाऊ शकतं ते यामुळे.

खरी अडचण दाब निर्माण करण्यात नाही, टिकवण्यात आहे. एवढ्या दाबाची हवा फटीतून ताशी १३० किलोमीटरच्या वेगानं बाहेर पडते. स्कर्ट आणि पाणी यांत दीड सेंटिमीटरची फट राहिली, तर गळणारी हवा भरून काढायला साधारण १० अश्वशक्ती पुरते. स्कर्ट काढून टाकला आणि तेच यान ३० सेंटिमीटर उंच धरायचं ठरवलं, तर फट वीस पट होते आणि गरज २०० अश्वशक्तीवर जाते. हॉवरक्राफ्टचं सगळं अर्थशास्त्र त्या रबरी झालरीत आहे.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश अभियंता ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५० च्या दशकात एकात एक बसवलेले दोन रिकामे डबे, हवा फेकणारं यंत्र आणि स्वयंपाकघरातला तराजू घेऊन कल्पना पडताळून पाहिली. एसआर-एन१ हे त्यांचं यान २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. पण त्या पहिल्या रूपात लवचीक स्कर्ट नव्हता, त्यामुळे ते पाण्यापासून फार वर उठत नसे. स्कर्ट आला तेव्हा कुठे लाटांवरून जाणारी उपयुक्त यानं बनू लागली.

गैरसमज: मग स्कर्ट हवा तेवढा उंच करावा, म्हणजे कुठलाही अडथळा पार होईल.

वस्तुस्थिती: उंची वाढली की यान डुलू लागतं. छोट्या यानांसाठी ढोबळ नियम असा की गादीची उंची यानाच्या रुंदीच्या आठव्या भागाच्या आसपास ठेवावी. वरच्या उदाहरणात ती ३० सेंटिमीटर येते. त्याहून बरंच उंच गेलं तर माणसं एका बाजूला सरकताच यान कलतं. शिवाय वेगात असताना पुढचा स्कर्ट पाण्यात ओढला जाऊन नाक खुपसण्याचा धोका असतो. त्यामुळे वजन कुठे ठेवायचं हा आराखड्यातला पहिल्या दिवसाचा प्रश्न आहे. इंजिन आधी बसवून उरलेल्या जागेत माणसं बसवणाऱ्यांची यानं बहुधा एका अंगावर झुकलेली असतात.

गैरसमज: पाण्याला टेकत नाही, म्हणून वाऱ्या-वादळाची भीती नाही.

वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक गैरसमज. पाण्यात बुडालेला होडीचा तळ तिला बाजूला सरकण्यापासून अडवतो. हॉवरक्राफ्टला तशी पकडच नसते. पाच मीटर लांब, दीड मीटर उंच बाजूवर ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा आदळला, तर सुमारे ५५ किलोचा रेटा बसतो. अशा यानाला पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचा जोर शंभर-दीडशे किलोचा. म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जोर नुसतं वाऱ्याशी झुंजण्यात जातो. चालकाला यान तिरकं धरूनच सरळ जावं लागतं. ब्रेकही नाही. पंख्याचा जोर उलटा करणं, यान वळवून मागे ढकलणं किंवा गादीतली हवा कमी करून पाण्यावर बसणं, हेच थांबण्याचे मार्ग.

३० मार्च १९८५ रोजी इंग्लंडच्या डोव्हर बंदरात एसआर-एन४ जातीचं शेकडो प्रवाशांचं महाकाय हॉवरक्राफ्ट जोरदार वाऱ्यात बंदराच्या भिंतीवर आदळलं आणि चार जण मृत्युमुखी पडले. अनुभवी चालक आणि मोठी इंजिनं असूनही असं होतं, तर पाच-सहा जणांच्या हलक्या यानाचं उजनीतल्या वळवाच्या वावटळीत काय होईल, याचा अंदाज करता येतो. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी होडीऐवजी छोटं हॉवरक्राफ्ट असतं, तरी त्यानं पाण्यावर उतरायला नको होतं.

गैरसमज: दोन माणसं जास्त बसली तर फक्त वेग थोडा कमी होईल.

वस्तुस्थिती: यान पाण्यावर स्थिर असतं तेव्हा हवेचा दाब पाण्यात खळगा पाडतो. वरच्या उदाहरणात तो ८ सेंटिमीटरचा. यान पुढे निघालं की हा खळगा लाट उठवतो आणि यानाला स्वतःच उठवलेल्या लाटेची चढण चढावी लागते. अभियंते त्याला ‘हंप’ म्हणतात. पाच मीटरच्या यानाला ही चढण ताशी १४ किलोमीटरच्या आसपास लागते. ती एकदा पार झाली की विरोध कमी होतो आणि यान पुढे सुटतं. पण वजन जास्त असेल तर खळगा खोल, लाट मोठी, आणि इंजिन कितीही ओरडलं तरी यान चढणीच्या अलीकडेच रेंगाळतं. उथळ पाण्यात तर हा विरोध आणखी वाढू शकतो. म्हणून ‘बसा हो, जागा आहे’ ही पद्धत इथे चालत नाही. वजनाची मर्यादा म्हणजे मर्यादाच.

गैरसमज: पाणी, गाळ, जलपर्णी, काटेरी रान, हे यान कुठूनही जातं.

वस्तुस्थिती: अर्धं खरं आहे. सपाट गाळ, वाळू आणि गुडघाभर पाणी ही हॉवरक्राफ्टची हक्काची जागा. पाण्यात फिरणारा पंखा नसल्यामुळे भीमेतून वाहत येणाऱ्या जलपर्णीत त्याचं काही अडकत नाही. होडीच्या मोटरीची तिथे दैना होते. मात्र उंच वाढलेल्या, खडबडीत झाडोऱ्यातून हवा निसटते आणि गादी बसते. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे वेड्या बाभळीचे खुंट, जुन्या बांधांचे दगड, मासेमारीच्या जाळ्यांचे खुंटे स्कर्ट फाडतात. दरडीसारखा उभा काठ ते चढू शकत नाही. त्याला हळू उताराचा धक्का लागतो. एकसंध स्कर्टपेक्षा सुट्या पाकळ्यांचा स्कर्ट बरा असतो. एखादी पाकळी फाटली तरी गादी टिकते, आणि तेवढीच बदलता येते.

गैरसमज: इंजिन बंद पडलं की हॉवरक्राफ्ट बुडतं.

वस्तुस्थिती: नीट बनवलेल्या यानाच्या तळात फोम किंवा हवाबंद कप्पे असतात. इंजिन थांबलं की ते साध्या होडीसारखं तरंगतं. खरी पंचाईत गाळावर होते: यान बसतं आणि आतल्यांना उतरून चालत जाता येत नाही. म्हणून गाळावर जाणाऱ्या यानासोबत मदतीचं दुसरं साधन आणि संपर्काची सोय आधीच हवी.

गैरसमज: पाण्याला धक्का न लावणारं यान पर्यावरणाला निरुपद्रवी.

वस्तुस्थिती: पाण्याखालच्या जीवांना त्याचा त्रास कमी होतो हे खरं, पण दोन पंखे आणि इंजिन मिळून होणारा आवाज मोठा असतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्या उथळ चिखलात ते चरतात, तीच हॉवरक्राफ्टची आवडती वाट. पर्यटनासाठी तिथे अशी यानं फिरवणं म्हणजे ज्यांना पाहायला पर्यटक येतात त्यांनाच उठवून लावणं. त्या भागातल्या होडीवाल्यांची रोजीरोटीही याच पक्ष्यांवर आहे.

गैरसमज: हे जुनं तंत्र आहे, जगानं ते सोडून दिलं.

वस्तुस्थिती: इंग्लिश खाडीवरची हॉवरक्राफ्ट सेवा २००० साली थांबली. समुद्राखालून रेल्वेबोगदा झाला होता आणि इंधनाचा खर्च परवडेना. मुंबई–नवी मुंबईतही नव्वदच्या दशकात ही सेवा चालून बंद पडली. पण जिथे भरती-ओहोटीमुळे मैलभर चिखल उघडा पडतो, तिथे हे यान आजही हटलेलं नाही. इंग्लंडमध्ये साउथसी ते राइड ही प्रवासी सेवा १९६५ पासून चालू आहे. आपलं तटरक्षक दल उथळ खाड्यांच्या आणि चिखलाच्या किनाऱ्यांवर गस्त घालायला हॉवरक्राफ्ट वापरतं. २०१० मध्ये त्यानं ब्रिटनच्या ग्रिफन होव्हरवर्क कंपनीकडे १२ यानांची मागणी नोंदवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयानं सहा यानांसाठी ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला, तो गोव्यातल्या चौगुले आणि कंपनीशी. म्हणजे हे तंत्र आता आपल्या शेजारच्या गोदीत घडतं आहे.

गैरसमज: गॅरेजमध्ये बनवलं, चाललं, की प्रवासी नेता येतील.

वस्तुस्थिती: एका माणसाला उचलणारं हॉवरक्राफ्ट प्लायवुड, ताडपत्री आणि पाला उडवणाऱ्या ब्लोअरवर बनतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तो उत्तम प्रकल्प आहे. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानचं महाविद्यालय असो की इंदापूरचं एस. बी. पाटील, प्रयोगाला लागणारं पाणी, गाळ आणि वारा फार लांब नाही. पण प्रयोग आणि वाहतूक यांत मोठं अंतर आहे. नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक जलयानांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा सर्वेक्षण, नोंदणी आणि सुरक्षा साधनांची अट घालतो. प्रयोगातही पंख्यांना जाळी, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि दोरी ओढताच इंजिन थांबवणारी कळ, या तीन गोष्टींशिवाय पाण्यात उतरू नये.

गैरसमज: उजनीतल्या होडी दुर्घटनांवर हॉवरक्राफ्ट हेच उत्तर.

वस्तुस्थिती: रोजच्या प्रवाशांसाठी नाही. होडी पाण्यावर आपोआप तरंगते. हॉवरक्राफ्टला नुसतं उचलून धरायलाही सतत इंधन जाळावं लागतं. तिकीट महागडं, देखभाल कुशल हातांची, आणि वादळात ते होडीहून सुरक्षित नाही. दोन्ही काठ कायमचे जोडायचे तर शिरसोडी–कुगाव पुलासारखा पूलच हवा. तोवर लाइफ जॅकेटशिवाय होडी न सोडणं, माणसं मोजून घेणं, वाऱ्याचा इशारा आला की वाहतूक बंद ठेवणं, ही कामं फार पैसा न घालता होण्यासारखी आहेत.

मात्र एका कामासाठी या यानाचा गंभीर विचार व्हावा, आणि ते म्हणजे बचाव. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये, उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यालाही मोठी ओहोटी लागली होती. अशा दिवसांत काठ आणि पाणी यांच्यामध्ये लांबच लांब गाळ असतो. तिथे होडी पोचत नाही आणि माणूस रुततो. प्रशिक्षित चालक, उताराचे दोन-तीन धक्के आणि शांत हवेत नियमित सराव एवढं असेल, तर आपत्ती व्यवस्थापनाच्या ताफ्यात एक हॉवरक्राफ्ट उजनीकाठी असणं शहाणपणाचं ठरेल. प्रवाशांना हवा आहे पूल, आणि पूल होईपर्यंत अंगात लाइफ जॅकेट.