परिचारिकेचें शिक्षण केव्हां संपतें?

शुश्रूषेची विद्या एकदां मिळविली म्हणजे ती जन्मभर पुरते, असा आपल्याकडे सामान्य समज आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी आणि मग रुग्णालयांतील नोकरी. एवढें झालें कीं शिक्षण संपलें व अनुभव सुरू झाला, असें आपण मानतों. अनुभवाची थोरवी कोणीच नाकारणार नाहीं. परंतु अनुभवानें हात सराईत होतो. हातास जडलेली रीत बरोबर आहे कीं नाहीं, हें मात्र अनुभव सांगत नाहीं. हा भेद ध्यानांत आला म्हणजे परिचारिकांच्या निरंतर शिक्षणाचें महत्त्व कळून येईल.

एक साधें उदाहरण घ्या. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या कमरेवर व टांचांवर सारखा भार पडून तेथील रक्तपुरवठा मंदावतो आणि शय्याव्रण होतात. ते टाळण्यासाठीं लाल झालेल्या जागीं स्पिरिट व पावडर लावून चोळावें, असें परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांना शिकविण्यांत आलें. पुढें दिसून आलें कीं, अशा जागीं कातडीखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या आधींच दुखावलेल्या असतात; चोळल्यानें त्यांस अधिकच इजा होते व स्पिरिटानें कातडी कोरडी पडते. म्हणून आतां ती जागा चोळूं नये, रोग्याची कूस ठराविक वेळानें बदलावी, असें शिकवितात. जिला हें कोणीं सांगितलेंच नाहीं, ती परिचारिका आजही मोठ्या कळकळीनें चोळीतच राहील. तिच्या मायेंत उणें कांहींच नाहीं. पण व्यथा मात्र रोग्याच्या वांट्यास येते.

असे पालट पुष्कळ सांगतां येतील. बालक जन्मतांच नाळ कापण्याची रीत होती. आतां बालक सुखरूप असल्यास निदान एक मिनिट थांबावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या अवधींत वारेंतील रक्त बालकास मिळून त्याच्या शरीरांतील लोहाचा सांठा वाढतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाला आधीं श्वास देण्याऐवजीं आधीं छाती दाबण्यास आरंभ करावा, असा क्रमबदल अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१० सालीं केला. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनीं टोपण बसविण्याची संवयही आतां निषिद्ध आहे, कारण त्यांत परिचारिकेचाच जीव धोक्यांत येतो.

हा विचार अगदीं नवा आहे असें नाहीं. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं परिचारिकांची शाळा काढणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थिनींना उद्देशून पत्रें लिहिलीं. ज्या शुश्रूषेंत प्रगति नाहीं ती मागेंच जाते, असें त्यांनीं बजावलें. आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यासाठीं स्त्रिया पाठविल्या. त्या काळीं त्यांच्या वाटेंत लोकापवादाची भिंत होती. आजच्या परिचारिकेच्या वाटेंत पाळ्यांच्या वेळापत्रकाची आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं ५ वर्षांत १५० तासांचें निरंतर शिक्षण असावें, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. म्हणजे वर्षास सरासरी ३० तास झाले. हें ओझें अवजड नव्हे. पण रात्रपाळी संपवून, किंवा सुटीचा एकुलता एक दिवस खर्चून, ती व्याख्यानास डुलक्या घेत बसली, तर प्रमाणपत्र हातीं येईल आणि हाताची रीत तशीच राहील. तास मोजणें सोपें आहे. पालट मोजणें अवघड, पण खरी कसोटी तीच.

म्हणून शिक्षण वॉर्डांतच आणावें. पाळी बदलतांना पंधरा मिनिटें एकच विषय घ्यावा. मुख्य परिचारिकेनें कृति करून दाखवावी, इतरांनीं ती तिच्यासमोर करावी, आणि महिन्याभरानें रोग्याच्या खाटेपाशीं ती तशीच होते कीं नाहीं हें पाहावें. अनुभवी परिचारिकेस चूक दाखविण्याच्या स्वरांत नव्हे, तर सहकारिणीच्या नात्यानें सांगावें. मुख्य म्हणजे हा वेळ कामाच्या तासांतच धरावा. ती सवलत नव्हे, रोग्याच्या सेवेचाच तो एक भाग होय.

परिचारिकेचें शिक्षण केव्हां संपतें, या प्रश्नाचें उत्तर आतां सोपें आहे: ती रोग्याच्या अंगास हात लावण्याचें थांबवील, त्या दिवशीं.